दोन चाली

मुंबई नाक्याला, टायरच्या दुकानावर आमचं ऑफिस.
खाली चाकांत हवा भरतात,
वर आम्ही माणसांत.

माझं काम पातळ्या रचायचं.
रंगीत मणी, आठ बाय आठची चौकट, बावीस चाली.
बावीसच का, विचारू नका.
एकवीस दिल्या तेव्हा लोक शिव्या देत गेले,
तेवीस दिल्या तेव्हा जांभया देत.

समोर दिवसभर एक आलेख असतो.
त्यात माणसं कड्यावरून सुटल्यासारखी गळतात:
सदतिसाव्या पातळीवर चारशे,
अठ्ठ्याऐंशीवर दोन हजार एकशे बारा.
पडू दे, म्हणतात आमचे कोठुळे सर,
पडणाराच हृदय विकत घेतो.
पाच हृदयं, एकोणतीस रुपये.
लासलगावात कांद्याचासुद्धा याहून मानाने लिलाव होतो.

आमच्या बिल्डिंगमध्ये, जेल रोडला, निरभवणेकाका.
नोट प्रेसमधून निवृत्त.
चौतीस वर्षं छापून आलेले ताव तपासले,
शाई फुटली का, आकडा सरकला का,
डोळ्यांआधी बोटाला कळायचं.
आता ते बोट माझे मणी सरकवतं,
जेवण झाल्यावर, जिन्यातल्या दिव्याखाली,
कारण घरात काकूंची मालिका.

अठ्ठ्याऐंशीवर ते नऊ दिवस अडकले.
लिफ्टमध्ये भेटले की नुसती मान हलवायचे,
अजून नाही.
हृदय मात्र एकही घेतलं नाही.
"अर्ध्या तासाने एक मिळतंच की फुकट.
वाट बघायला पैसे कशाला?"

दहाव्या रात्री मला राहवलं नाही.
त्यांचं खातं शोधून काढलं
आणि गुपचूप दोन चाली वाढवल्या,
फक्त त्यांना.
पंगतीत ओळखीचा वाढपी
न मागता पानात जास्तीची जिलबी सोडतो, तसं.

सकाळी वाटलं, पेढे येतील.
काका आले ते कपाळाला आठी घालून.
"पोरी, काल सुटला तो डाव.
पण बोटाला बरोबर नाही लागला.
कागद हलका वाटला."

मी चहाच्या कपात बघत राहिले.
ज्याने हाताखालून एक सदोष ताव जाऊ दिला नाही
त्याच्या हातात मी
खोटी जीत खपवली होती.

पांडवलेण्याच्या पायऱ्या मी लहानपणी मोजायचे,
दर वेळी वेगळ्या भरायच्या.
वर जाताना एका वळणावर दगड आहे, बसून बसून गुळगुळीत झालेला.
तिथून हायवे दिसतो, आणि आपण किती वर आलो ते.
त्या दगडाने चढ कमी होत नाही.
पण तिथवर पोचलेला माणूस
सहसा परत फिरत नाही.

मग मी चाली काढून घेतल्या.
बावीस म्हणजे बावीस.
फक्त हरल्यावर जो काळा पडदा पडायचा, तो काढला,
आणि उरलेले मणी तेवढे क्षणभर उजळू दिले.
तीनच राहिले होते, बघा.
कोठुळे सर म्हणाले, मग हृदयं कोण घेणार?
मी म्हटलं, आलेख बघू.
आलेखात फार काही झालं नाही.
दोन हजार एकशे बाराचे एकोणीसशे चाळीस झाले.

काकांना परत अठ्ठ्याऐंशीवर आणून ठेवलं.
सर्व्हरमध्ये गडबड झाली होती, म्हणाले.
हे खोटं मात्र त्यांनी चालवून घेतलं.

मंगळवारी रात्री पावणेबाराला
जिन्यातून एकच आवाज आला,
मांडीवर थाप मारल्याचा.
मग काकू: "अहो, झोपा आता."
मग बराच वेळ काहीच नाही.
मग एकोणनव्वदाव्या पातळीचं ते संगीत,
जे मीच निवडलं होतं
आणि जे आता मला
अजिबात सहन होत नाही.